पाणी मोजायचं शिसं

धार,
रविवार

प्रिय उर्वशी,

मायन्यापाशीच दोन दिवस अडलो. आमच्या वडिलांनी सुनेला लिहिताना 'चि. सौ.' असंच लिहिलं असतं. तू बाळंतपणाला देवासला गेली होतीस तेव्हा मी तुला दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यांत तसंच लिहिलं होतं. आता तसं लिहिलं तर इथले काहीजण बोलतील, आणि नाही लिहिलं तर तुला लागेल. म्हणून नुसतं प्रिय लिहिलं आहे. फोन करता आला असता, पण फोनवर मला बोलणं सुचत नाही हे तुला माहीत आहे. जेवलीस का, चिऊ काय करते, एवढं विचारून मी फोन तुझ्या सासूच्या हातात देतो. तुझं शिक्षण हिंदीत झालं, लांबलचक मराठी वाचायचा तुला कंटाळा येतो, म्हणून सोपं आणि मोठ्या अक्षरात लिहितो आहे. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल. फक्त दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

इथे सगळं ठीक आहे. तुझ्या सासूचा डावा गुडघा धरतो, पण जिना चढायचं सोडत नाही. चिऊची सायकल मी ओट्याखाली ठेवली आहे. महिन्यातून एकदा हवा भरतो, नाहीतर ट्यूब चिकटते. पीथमपूरच्या पहिल्या पाळीची बस अजून आपल्या कोपऱ्यावर हॉर्न देते आणि मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्याच हॉर्नला जाग येते. मग उठून देवांना पाणी घालतो. पूर्वी हे काम तुझी सासू करायची. आता मी करतो, कारण तिला देवघरासमोर बसलं की रडू येतं.

देवघरातल्या त्या शिशाबद्दल लिहायचं आहे. तू ते दर दसऱ्याला पाहिलं आहेस. सव्वा वीत लांब, वर निमुळतं, खाली जाड, वरच्या टोकाला दोर ओवायला भोक, आणि वजन तीन किलोच्या वर. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की आमचे खापरपणजोबा उदाजी हे धारच्या उदाजीराव पवारांच्या फौजेत घोडेस्वार होते, लढाईत पडले, आणि हे त्यांच्या घोड्याला बांधायचं वजन. जनावर जागेवरून हलू नये म्हणून दोर याच्यातून ओवायचे, असं वडील सांगत. खंडेनवमीला शस्त्रं आणि हत्यारं पुजतात तेव्हा पाटावर पहिला मान त्याचा. मग माझं व्हर्निअर, आईची विळी, तुझा लॅपटॉप. घोड्याला घालतात तसा झेंडूचा मोठा हार त्याला घालायचा. मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये तपासणीचं काम केलं. कुठल्याही तुकड्याला एखादं भोक किंवा खाच का आहे, हे विचारल्याशिवाय मी तो पुढे जाऊ दिला नाही. पण या शिशाच्या बुडाला बोटभर खोल खळगा आहे, आणि घोड्याच्या वजनाला खळगा कशाला लागतो, हे मी कधी विचारलं नाही.

अंशुलने विचारलं. तुला तो दिवस आठवत असेल. जहाजावर थर्ड ऑफिसर झाल्यावरची पहिली फेरी करून तो नऊ महिन्यांनी घरी आला होता आणि दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी होती. माझ्या थोरल्या भावासकट, प्रतापदादांसकट, सगळे जमले होते. त्याने शिसं उचललं, उलटं केलं, खळग्यात बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाबा, हे घोड्याचं नाही. हे जहाजावरचं आहे. पाणी मोजायचं." मग त्याने सगळं समजावून सांगितलं. दोराला ठरावीक अंतरावर खुणा बांधायच्या, जहाजाच्या कडेला उभं राहून शिसं पुढे फेकायचं, तळाला लागलं की खोली ओरडून सांगायची. खळग्यात चरबी भरायची, म्हणजे तळाची वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा जे असेल ते चिकटून वर येतं, आणि त्यावरून जुने लोक किनारा ओळखायचे. बोलताना त्याचा चेहरा किती खुलला होता. प्रतापदादा हसून म्हणाले, वा, म्हणजे आम्हाला नावाड्यांत बसवलंस. आणि मी म्हणालो, "आपल्या घरात खलाशी कुणी झाला नाही. तूच पहिला, आणि तूच शेवटचा."

सगळे थोडं हसले. तोही हसला. तूच त्याच्या हातातून शिसं घेऊन पाटावर ठेवलंस. मी ते चिडून बोललो नव्हतो. त्याने जहाजावर जाऊ नये असं मला पहिल्यापासून वाटायचं, पीथमपूरला मी दोन ठिकाणी शब्द टाकून ठेवला होता, आणि त्याने ऐकलं नाही याची सल होती. ती त्या वाक्यात आली. पुढे ते वाक्य तू मला कधी ऐकवलं नाहीस. ऐकवलं असतंस तर बरं वाटलं असतं.

तीन वर्षं झाली. ज्येष्ठातला तो फोन, मुंबईच्या ऑफिसातला तो हळू बोलणारा माणूस, श्रीलंकेच्या खाली कुठेतरी, खवळलेला समुद्र, सकाळी जहाजाच्या पुढच्या भागात तपासणीला गेला आणि नाश्त्याला आला नाही, दोन दिवस शोधलं. त्यांच्या कागदावर 'मिसिंग' असा शब्द आहे. तू त्या शब्दाला धरून राहिलीस. तुझी सासू दुसरंच धरून राहिली. पाण्यात आहे आणि तहानलेला आहे, असं ती म्हणायची. त्याला कुणी पाणी दिलं नाही म्हणून स्वतः पाणी पिताना तिचा हात थांबायचा. ज्याचा देह मिळत नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यावर सगळे संस्कार करतात. नुसता बेपत्ता असेल तर बारा वर्षं थांबायचं, पण समुद्रात गेलेल्यासाठी इतकं थांबायला नको, असं आपल्या गुरुजींचं आणि प्रतापदादांचं मत पडलं. तू नाही म्हणालीस. मी काहीच म्हणालो नाही. दोन वर्षं घरात हाच एक प्रश्न होता, अंशुलचं करायचं की नाही, आणि तो कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

मग गेल्या वर्षीची अविधवा नवमी आली. नवरा जिवंत असताना ज्या बायका गेल्या, त्यांची ती तिथी. आपल्याकडे त्या दिवशी सगुणाआजीच्या, म्हणजे माझ्या खापरपणजीच्या, नावाने दोन सवाष्णी जेवायला बसतात, एक बाहेरची आणि एक घरची. लग्न झाल्यापासून घरची तूच बसायचीस. त्या दिवशीही तू कुंकू लावून, हिरवं पातळ नेसून पाटावर बसलीस. तुझ्या सासूच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं. प्रतापदादा अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, आज तू वाढायला घे. पाटावर नको." तू त्यांच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मी ताटाकडे पाहत होतो. "काका, माझा नवरा ड्यूटीवर आहे," एवढं बोलून तू उठलीस. संध्याकाळच्या बसने चिऊला घेऊन देवासला गेलीस. बसस्टँडपर्यंत तुझी बॅग मीच आणली.

त्यानंतर सहा दिवसांनी, सर्वपित्रीला, मी उज्जैनला गेलो. का गेलो ते शेवटी लिहितो. आधी लिहिलं तर मधलं तू वाचणार नाहीस.

सिद्धवटावर आपले तीर्थपुरोहित उमाशंकरजी आहेत. त्यांच्याकडे आपल्या घराण्याची बही आहे. घरातलं कुणी तिथे विधीला गेलं की त्याची नोंद होते, मागच्या दीडशे वर्षांची पानं आहेत. ते म्हणाले, "बैठो भिया, मराठों की बही अलग है, निकालनी पड़ेगी." कापडात गुंडाळलेली लांबट बही त्यांनी माझ्यासमोर उघडली. त्यांच्या पणजोबांना मराठी येत होतं, म्हणून जुन्या नोंदी मराठीतच आहेत. शब्द एकमेकांना चिकटलेले, पण वाचता येतात. पानं उलटताना संवत १९३० ची, म्हणजे इंग्रजी १८७३ च्या सुमाराची, नोंद निघाली. मी ती उतरवून घेतली, तशीच देतो: 'उदाजी, वस्ती मालवण, आगबोटीवर खलाशी, पाणी मोजण्याचे कामास. बोट बुडाली. पत्नी सगुणाबाई, पुत्र वर्षे पाच, बाईचे बंधू देवास थोरली पाती येथे नालबंद. सोबत्याने आणून दिलेले शिसे देहाचे जागी ठेवून क्रिया करावी ऐसे बंधूचे म्हणणे. बाईचे मन नाही. क्रिया केली नाही.'

मी ते तीनदा वाचलं. उमाशंकरजींना वाटलं मला अक्षर लागत नाही, म्हणून ते चष्मा पुढे करायला लागले.

पुढची नोंद संवत १९४२ ची. मुलगा सतरा वर्षांचा झाला होता. 'पुत्र आला. वर्षे बारा झाली. आईची संमती नाही. क्रिया केली नाही.' सतरा वर्षांचा मुलगा देवासहून उज्जैनला आला, घाटावर बसला, आणि आई नको म्हणाली होती म्हणून तसाच परत गेला. आणि तिसरी संवत १९६७ ची: 'सगुणाबाई सवाष्ण गेली. पुत्राने मातेची क्रिया केली. मागाहून पित्याची केली.'

सदतीस वर्षं, उर्वशी. भावाच्या घरी, परक्या गावात, ती कुंकू लावून राहिली आणि कुणी तिला पाटावरून उठवलं नाही. ज्या शिशावर तिच्या नवऱ्याचे संस्कार करायचे होते ते तिने घरी परत आणलं आणि देवांत ठेवलं. ती गेल्यावर तिची तिथी नवमीला धरली, कारण तिच्या घरच्यांनी तिला सवाष्णच मानलं. पुढे कधीतरी खलाशाचा घोडेस्वार झाला, आणि नाव उदाजी म्हणून उदाजीरावांची फौज जोडली गेली. लाज वाटली असेल, किंवा नालबंदाच्या घरी वाढलेल्या पोरांना घोड्यांशिवाय दुसरं काही माहीत नसेल. समुद्र कुणी पाहिला होता? पण नवमी तेवढी राहिली. लढाईत पडलेल्या स्वाराच्या बायकोची तिथी अविधवा नवमीला कशी, हे पाच पिढ्यांत कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. आणि त्याच सगुणाबाईच्या पाटावरून आम्ही तुला उठवलं.

मला खात्री करून घ्यायची होती. जानेवारीत मी देवासला आलो. नीलकंठराव म्हणून एक निवृत्त शिक्षक आहेत, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, त्यांचे पूर्वज थोरल्या पातीच्या, म्हणजे देवास संस्थानच्या मोठ्या शाखेच्या, पागेत होते. मी सगुणाबाईचं आणि तिच्या नालबंद भावाचं सांगितलं तर ते मोठ्याने हसले. म्हणाले, म्हणजे तुम्ही बोटवालीचे. धारवाले स्वतःला घोडेस्वार म्हणवतात हे ऐकून होतो, पण आमच्या आजीच्या तोंडी तुमचं घर म्हणजे बोटवालीचं घर. गल्लीतून डाकवाला गेला की बोटवाली दारात यायची, असं त्यांच्या आजीने सांगितलेलं त्यांना आठवत होतं. मग हसणं थांबवून त्यांनी विचारलं, तुमच्याकडे आता हे कसं निघालं? मी म्हणालो, मुलगा जहाजावर होता. चहा झाल्यावर ते लाठी टेकत दारापर्यंत आले.

तिथून तुझं माहेर दहा मिनिटांवर. मी टेकरीच्या रस्त्याने तुमच्या गल्लीत आलो होतो. तुला कळू दिलं नाही. समोरच्या चक्कीपाशी उभा राहिलो. तू गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस आणि चिऊ तुला चिमटे देत होती. ती उंच झाली आहे. तुझ्या कपाळाकडे माझं लक्ष गेलं, आणि ते गेलं याची मला लाज वाटली. चक्कीवाल्याने विचारलं, क्या पिसवाना है दादा. मी मागे फिरलो.

होळीच्या आधी अंकित आला होता, अंशुलचा जहाजावरचा जोडीदार. तुला भेटून मगच इकडे आला, असं म्हणाला. मी त्याला काही न सांगता शिसं हातात दिलं. त्याने तेच केलं, उलटं करून खळग्यात बोट फिरवलं. मग म्हणाला, "अंकल, ये तो वही है." अंशुलने याचा फोटो आपल्या केबिनच्या भिंतीवर लावला होता. जहाजावर सगळ्यांना सांगायचा की आमच्या घरी हे देवांत आहे, माझ्या पूर्वजांपैकी कुणीतरी हे काम करत होतं. बाबांना पटत नाही, पण मला माहीत आहे, असं म्हणायचा. अंकितने मला दोर कसा धरायचा तेही दाखवलं. मी ऐकत होतो. मुलगा समोर बसून सांगत होता तेव्हा ऐकलं नाही ते मी त्याच्या मित्राकडून ऐकून घेतलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते सांगतो. त्या सर्वपित्रीला मी उज्जैनला अंशुलचं करायला गेलो होतो, आणि ते मी केलं. प्रतापदादा सोबत होते. पळसाची पानं, दर्भ, डोक्याच्या जागी नारळ. मी अग्नी दिला. तुला विचारलं नाही, कळवलंही नाही. तू गेल्यापासून तुझ्या सासूने सहा दिवस नीट पाणी घेतलं नव्हतं आणि माझ्याने ते बघवलं नाही, हे कारण आहे, पण ते पुरेसं नाही. विधी आधी होतो आणि बहीत नाव नंतर लिहितात. अंशुलचं नाव लिहायला बही उघडली तेव्हा मला सगुणाबाई भेटली. तासभर आधी उघडली असती तर मी उठून आलो असतो असं म्हणावंसं वाटतं, पण खरंच उठलो असतो का, हे मला माहीत नाही. प्रतापदादा स्नान करून आले, त्यांना नोंदी वाचून दाखवल्या. परतीच्या वाटेवर बडनगरला ते म्हणाले, तरी करायला पाहिजेच होतं. तुझी सासू त्या दिवशी घोटभर पाणी प्यायली आणि झोपली. ते चुकीचं झालं असं मला म्हणता येत नाही. तुझ्यावर अन्याय झाला हेही तितकंच खरं आहे. पुढच्या महिन्यात पितृपक्ष लागतो, अंशुलच्या श्राद्धाचं बोलणं निघेल, आणि तुला हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळेल, म्हणून मीच लिहितो आहे. प्रतापदादांना मी सांगितलं आहे की उर्वशीचं उत्तर आल्याशिवाय मी काही करणार नाही. त्या दिवशी सिद्धवटावरून निघण्याआधी मी उमाशंकरजींना विचारलं होतं की केलेलं मागे घेता येतं का. ते म्हणाले, "हुआ सो हुआ, भिया. लड़का लौट आया तो शास्त्र में उसकी भी विधि है." मग मी त्यांच्याकडून बही घेतली आणि अंशुलच्या नावाखाली माझ्या हाताने लिहिलं, 'पित्याने केली. पत्नीची संमती घेतली नाही.' त्यांनी ते वाचलं, आणि न विचारता त्याच्याखाली चार ओळींची जागा सोडून रेघ ओढली. ती जागा तुझी आहे. तिथे काय लिहायचं, कधी लिहायचं, की कधीच काही लिहायचं नाही, हे तुझ्याशिवाय कुणी ठरवणार नाही. मी असेपर्यंत तरी नाही.

तुझाच,
बाबा